छातीवरचा पेपर

माझ्या बारच्या दारामागे जुन्या पेपरांचा गठ्ठा असतो. सायकलवाले येतात, कॉफी घेतात, बाटल्यांत पाणी भरतात, आणि निघताना मी विचारते, पेपर हवाय का? आजकालची पोरं हसतात. त्यांच्याकडे मुठीत मावणारी जाकिटं असतात, पोपटी नाहीतर गुलाबी. म्हातारे मात्र गुमान पेपर घेतात आणि पाठीच्या खिशात सारतात. ओयामालाची खिंड चढताना अंग घामाने निथळतं, आणि पलीकडे उतरायला लागलं की तोच घाम छातीवर गोठतो, हे ज्याने सोसलंय त्याला सांगावं लागत नाही. वर पोचायचं, जर्सीच्या आत छातीला पेपर लावायचा, मगच उतार धरायचा. साधीच गोष्ट आहे. पण या पेपराने माझ्या घरात जे केलं ते मी हसणाऱ्याला सांगत बसत नाही. तुम्ही हसला नाहीत, म्हणून सांगते. बसा.

आमचे बाबा फ्रोइलान जन्मभर मेंढ्यांवर होते. आमच्या या रोब्रेरा गावातले सगळेच पुरुष तेव्हा मेंढ्यांवर. ऑक्टोबरात कळप घेऊन खिंड ओलांडायची, हिवाळा दक्षिणेत एस्त्रेमादुराच्या कुरणांत काढायचा आणि मे महिन्यात परत यायचं. गावात बायका, पोरं आणि म्हातारी तेवढी उरायची. म्हणून आमची एक रीत होती. आपल्या माणसाला निरोप घरात द्यायचा नाही. बायको, पोरं, म्हातारी आई, सगळ्यांनी त्याच्याबरोबर खिंडीपर्यंत चालत जायचं. वर एक दगडी क्रूस आहे. तिथे पाव आणि मसालेदार मांसाचा सुका चोरिसो त्याच्या हातात द्यायचा आणि वळायचं. मे महिन्यात पुन्हा तिथेच जाऊन त्याला घेऊन यायचं. आमच्या आईने हे कधी चुकवलं नाही. ज्या वर्षी ती वर आली नाही, त्या वर्षी बाबांना खाली उतरण्याआधीच कळलं की ती गेली.

दारात उभं राहायचं ते परक्यांसाठी. पाद्री आला, डॉक्टर आला, सरकारी मोजणीवाला आला, तर दारात उभं राहून 'या, बसा' म्हणायचं. घरच्या माणसाला दारात उभं राहून घेतलं किंवा दारातूनच रवाना केलं, तर त्याचा अर्थ सगळ्या आळीला कळायचा. तोंडाने काही बोलायची गरज नसायची.

माझा धाकटा भाऊ एलादिओ. त्याला बाबांनी मेंढ्यांसाठी वाढवला आणि तो निघाला सायकलचा. खालच्या गावातून पाव आणायला त्याला सायकल दिली होती, ती काही त्याच्या बुडाखालून निघेना. दरीतून नदीच्या कडेकडेने वर यायचा तो असा, की पाव गरमच असायचा. मग जत्रेतल्या शर्यती जिंकायला लागला. बक्षीस म्हणून एकदा कोकरू मिळालं, तेव्हा बाबा म्हणाले, बरं झालं, सायकलने एकदाची एक मेंढी तरी दिली. आम्ही हसलो. पुढे एका संघाने त्याला बोलावलं, तेव्हा कुणी हसलं नाही.

ज्या दिवशी तो निघाला त्या दिवशी दोघांची जुंपली. बाबा म्हणाले, चाकांना लोकर येते का रे? एलादिओ म्हणाला, तुमच्या मेंढ्या तरी आता चालतात कुठे, त्याही ट्रकमध्ये बसून चाकांवरच जातात. हे खरं होतं, आणि म्हणूनच बोलायला नको होतं. एलादिओने पिशवी पाठीला बांधली. आणि आमचे बाबा, ज्यांनी शेजाऱ्याच्या गड्यालासुद्धा खिंडीपर्यंत पोचवलं होतं, ते दारात उभे राहिले. सगळ्या आळीने बघितलं. मी चप्पल अडकवून मागे धावले, पण सायकलच्या मागे पायी किती धावणार? वर पोचले तेव्हा क्रुसापाशी कुणी नव्हतं. तो तिथे बराच वेळ बसून होता, हे त्याने मला पुढे कधीतरी सांगितलं.

मग वर्षं गेली. एलादिओ मोठा सायकलपटू झाला असं म्हणाल तर तसं नाही. तो संघातला हमाल होता. संघाच्या म्होरक्याच्या पुढे राहून वारा आपल्या छातीवर घ्यायचा, मागे गाडीपर्यंत जाऊन सगळ्यांच्या बाटल्या आणायच्या आणि चढ आला की मागे पडायचं. त्याचं नाव पेपरात यायचं ते निकालाच्या तळाला. बाबा रोज बारमध्ये येऊन पेपर मागायचे. म्हणायचे, हवामान बघतो. पण पान उघडायचे खेळाचं आणि वाचायला सुरुवात करायचे तळापासून. मी म्हटलं, हवामान खाली छापतात वाटतं हल्ली? तर म्हणायचे, तू तुझे ग्लास धू.

बोलणं मात्र बंद. तो नाताळला बायकोच्या माहेरी, समुद्राकडे जायचा. फोन बाबा कानाला लावत नसत. मी एकीकडे याला समजावायची, दुसरीकडे त्यांना. दोघं एकाच दगडातून फोडलेले. डोकं आपटायचं तर कुणावर आपटणार?

आणि मग एका वर्षी देशाच्या मोठ्या शर्यतीचा रस्ता जाहीर झाला. आमच्या दरीतून, रोब्रेरातून आणि थेट ओयामालाच्या खिंडीवरून. गावाच्या अंगातच आलं. माझा नवरा गुमेर चुन्याची बादली घेऊन रस्त्यावर एलादिओचं नाव लिहायला गेला. अक्षरं एवढी मोठी काढली की शेवटच्या अक्षराला चुना उरला नाही. शर्यत अख्ख्या देशाने टीव्हीवर बघितली आणि त्यात माझा भाऊ 'एलादि'च राहिला.

शर्यतीच्या थोडे दिवस आधी त्याचा फोन आला. आवाज लहानपणीसारखा. म्हणाला, सायकलवाल्यांची एक रीत असते. कुणाचं गाव रस्त्यात आलं की बाकीचे त्याला पुढे सोडतात. त्याने जायचं, उतरायचं, आपल्या माणसांना मिठी मारायची, एक घोट प्यायचा, तोवर मागून घोळका येतो आणि त्यात मिसळायचं. त्या वेळात कुणी दगाफटका करत नाही. त्याने सगळ्यांना विचारून ठेवलं होतं आणि सगळे हो म्हणाले होते.

"दुली, बाबांना सांग, फक्त दारात उभे राहा म्हणावं," तो म्हणाला. "बोलले नाहीत तरी चालेल. मी येतो, दारात मिठी मारतो आणि जातो."

मी तेवढंच बाबांना सांगितलं. ते वाटाण्याचं सूप पीत होते. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"दारात?" ते म्हणाले. "दारात मी उभा राहणार नाही."

मी नको नको ते बोलले. म्हटलं, तुम्ही माणूस आहात की खिंडीतला क्रूस? म्हटलं, तुमच्या या नाकासाठी पोराने अजून किती वर्षं उंबऱ्याबाहेर राहायचं? त्यांनी सूप संपवलं, सुरी पुसली आणि झोपायला गेले.

शर्यतीच्या सकाळी बारमधला त्या दिवसाचा पेपर गायब. मी गुमेरवर तोंड सोडलं, की गिऱ्हाइकाने वाचायच्या आत कशात गुंडाळलास? तो शपथा घेत राहिला. बाबाही घरात नव्हते. मला वाटलं, गोठ्यात जाऊन बसले असतील फुगून. शोधायला कुणाला वेळ होता? हवा खराब होती. खाली पाऊस पडत होता आणि वर, डोंगराच्या माथ्याला, मे महिन्यात बर्फाचे शिंतोडे दिसत होते.

दुपारी आधी पोलिसांच्या मोटारसायकली आल्या. मग रस्ता रिकामा झाला आणि वळणावरून माझा भाऊ एकटा आला. संघात गेल्यापासून शर्यतीत सगळ्यांच्या पुढे मी त्याला पहिल्यांदा बघितला. चिखलाने तोंड भरलेलं आणि त्या चिखलातून तो हसत होता. लोक ओरडत होते. तो उतरला, सायकल भिंतीला टेकवली, मला घट्ट धरलं. आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे बघितलं.

"बाबा?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात गुमेर ग्लास घेऊन पुढे झाला. माझा नवरा वाईट नाही हो, पण त्याच्या तोंडात वाक्य टिकत नाही. म्हणाला, म्हातारा म्हणाला, दारात मी उभा राहणार नाही. अगदी शब्दाला शब्द.

एलादिओ आत गेला. स्वयंपाकघरात बघितलं, बाबांची खोली बघितली, त्याच्या बुटांची खटखट सगळ्यांना ऐकू येत होती. बाहेर आला आणि दाराशेजारच्या दगडी बाकावर बसला. तेवढ्यात घोळका आला. कुणीकुणी त्याला हाका मारल्या, एकाने हात करून चल म्हटलं. घोळका निघून गेला. मागून त्याच्या संघाची गाडी आली, त्यातला माणूस शिव्या घालत होता. मी म्हटलं, ऊठ, अजून गाठशील. तो मला म्हणाला, "त्या दिवशी निदान दारात तरी उभे होते, दुली. आज तेवढेही नाहीत."

शर्यतीच्या सगळ्यात शेवटी झाडूगाडी येते. तिच्या टपाला खरोखरच झाडू बांधलेला असतो, जे थकले, पडले, हरले त्यांना ती गोळा करत जाते. एवढ्या वर्षांत एलादिओ कधी त्या गाडीत बसला नव्हता. ताप अंगात घेऊन त्याने डोंगर चढले होते, हाड मोडलेलं असताना चढला होता, आणि तळाला का होईना, नाव लावलं होतं. त्या दिवशी स्वतःच्या दारातून, धडधाकट, तो त्या गाडीत चढला. कुणीतरी त्याच्या डोक्यावरून घोंगडी टाकली. सायकल टपावर गेली. गाडी आमच्या डोळ्यांदेखत खिंडीच्या रस्त्याला लागली.

आता वरचं ऐका. बाबा गोठ्यात नव्हते. ते पहाटेच निघाले होते, डांबरी रस्त्याने नाही, मेंढ्यांच्या जुन्या वाटेने. अंगावर धनगरी कांबळं आणि शर्टाच्या आत, कातडीला लागून, माझ्या बारमधला पेपर. पोराला पलीकडे उतरताना द्यायचा तो कोरडा राहायला हवा, आणि गरमही. क्रुसापाशी ते उभे राहिले. कारण आपल्या माणसाला तिथेच निरोप देतात. जो निरोप एकदा दिला नव्हता, तो द्यायला ते वर गेले होते. दारात उभा राहणार नाही, म्हणजे परक्यासारखा उभा राहणार नाही. एवढंच त्यांना म्हणायचं होतं, आणि एवढं सोडून सगळं आम्ही ऐकलं.

पुढचे आले, घोळका आला. बाबा प्रत्येकाचं तोंड बघत होते. वर लोक पेपर वाटत होते, एका सायकलवाल्याने बाबांच्या हातातल्या पेपरालाही हात घातला, तर यांनी तो आवळून धरला. मग मागे पडलेले आले, एकेकटे, गारठून निळे झालेले. मग झाडूगाडी आली. काचांवर वाफ धरली होती. आत घोंगडी पांघरून, गुडघ्यांत डोकं घालून कुणीतरी बसलं होतं, तेवढं त्यांना दिसलं. गाडी त्यांच्यापासून हाताच्या अंतरावरून गेली. बाबांना वाटलं, बिचारा कुणाचा कोण.

संध्याकाळी ते खाली आले, कांबळं टांगलं, शर्टातून पेपर काढला आणि चुलीसमोर वाळत घातला. सकाळी हरवलेला तो पेपर मी ओळखला. म्हटलं, बाबा, तुम्ही कुठे होता?

"कुठे असणार?" ते म्हणाले. "आपल्या माणसासाठी माणूस कुठे जातो? पण तो आला नाही वर. मी उभा आहे म्हणून वळला असेल खालूनच."

मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग हळू म्हणाले, "त्याने मला दारात बोलावलं, दुली. मला वाटलं, विसरला असेल. वर बघितलं की आठवेल."

दोन दिवसांनी एलादिओ फोनवर सापडला. मी सांगितलं. मग त्याने विचारलं, वर? क्रुसापाशी? मी म्हटलं, हो. पेपर घेऊन? हो. मग तो असा रडला की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

मी म्हटलं, रड नंतर, उद्याची बस पकड आणि ये. आणि इथे, बघा, दुसरा घोळ सुरू झाला. तो म्हणाला, नाही. बसने येऊन दारात उतरू? यायचं तर रीतीने येईन. पलीकडून सायकलने खिंड चढेन, मेंढ्यांची माणसं यायची तशी. बाबांनी वर यावं आणि मला घेऊन जावं. पण आता पाय कामाला जुंपलेत, शरद सरेपर्यंत शर्यती आहेत, मग बर्फ पडेल. म्हणून पुढच्या मे महिन्यात. मी म्हटलं, अरे गाढवा, रीत कोण बघतंय? पण बाबांना सांगितलं तर त्यांचा चेहरा खुलला. बरोबर आहे त्याचं, म्हणाले, मे महिन्यातच. दोघांना ते इतकं पटलं होतं, इतक्या वर्षांनी दोघांचं एका गोष्टीवर जुळलं होतं, की मी गप्प बसले.

त्या हिवाळ्यात बाबा विसरायला लागले. आधी सुरी कुठे ठेवली ते, मग जेवलो की नाही ते. मला आईच्या नावाने हाक मारायला लागले. एलादिओला कळवलं तर म्हणाला, म्हातारपण आहे, चालायचंच. मलाही तसंच धरून चालायचं होतं. कारण अधूनमधून ते खिडकीशी बसून अगदी स्वच्छ विचारायचे, मे कधी आहे? डोंगरावरचं बर्फ बघायचे आणि म्हणायचे, उतरतंय.

मे आला. ठरल्या सकाळी मी उठले तर बाबा कांबळं पांघरून बारमध्ये उभे होते. गठ्ठ्यातला वरचा पेपर त्यांनी स्वतः उचलला आणि शर्टात घातला. मी गुमेरला कोपराने ढोसलं. म्हटलं, बघ, सगळं आठवतंय. गुमेरच्या जीपमधून आम्ही त्यांना वर नेलं. वारा होता, पण ऊन पडलं होतं. बाबा क्रुसापाशी उभे राहिले ते रोब्रेराच्या बाजूला तोंड करून. मी त्यांना खांद्याला धरून वळवलं. म्हटलं, तो दक्षिणेकडून येणार, इकडून. ते पुन्हा वळून आमच्या गावाच्या रस्त्याकडे, शर्यत जिकडून वर आली होती तिकडे, बघायला लागले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

एलादिओ पलीकडून आला. जुनी संघाची जर्सी घातली होती, घामाने काळी झालेली. शेवटच्या वळणावर त्याने आम्हाला बघितलं आणि सीटवरून उठून जोर मारला. क्रुसापाशी उतरला. सायकल त्याने तशीच रस्त्यावर सोडून दिली, आणि एवढ्या वर्षांत तसं करताना मी त्याला बघितलेलं नाही.

"बाबा," तो म्हणाला.

बाबा वळले. त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. चेहरा मऊ झाला, कुणी कष्टकरी माणूस दमून पाण्याला आला की व्हायचा तसा.

"भिजलात की हो," ते म्हणाले. "असेच उतरू नका, छाती धरेल."

"बाबा, मी आलो."

बाबांनी शर्टातून पेपर काढला. हातात धरून जरा विचार केला. रोब्रेराच्या रस्त्याकडे एकदा बघितलं. मग घडीवर नीट नख फिरवून तो मधोमध फाडला.

"अर्धा घ्या तुम्ही," ते म्हणाले. "अर्धा माझ्या पोराला ठेवतो. मागे राहिलाय तो. वाटेत दिसला का तुम्हाला?"

मी पुढे झाले, पण एलादिओने माझा हात धरला. त्याने तो अर्धा पेपर घेतला. दोन्ही हातांनी घेतला.

"दिसला," तो म्हणाला. "येतोय."

"दमलाय?"

"थोडा दमलाय."

"येऊ दे सावकाश," बाबा म्हणाले. "मी आहे इथे."

एलादिओने पेपर छातीला लावला. अर्धा पेपर छातीला पुरत नाही, एक बाजू उघडीच राहते. त्याने जर्सी वर ओढली, सायकल उचलली आणि रोब्रेराच्या बाजूला एकटाच उतरला. बाबांनी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही, तो जिकडून आला त्या दक्षिणेच्या रस्त्याला आता त्यांची नजर लागली होती. आम्ही जीपमध्ये बसा म्हटलं की ते म्हणायचे, थोडं थांबा, मागून येतोय. उरलेला अर्धा त्यांनी शर्टात ठेवला होता, आणि पुढे तो कपडे धुतानाही कुणाला काढू दिला नाही.

तुम्ही वर निघालात ना? मग हा घ्या. नाही, अर्धा फाडून मागू नका, मी देत नाही. घ्यायचा तर अख्खा घ्या.